दिवेलागणीच्या आत परत

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या भागात संध्याकाळ अशी नसतेच. दुपार संपते आणि एकदम अंधार होतो. ऊन जरा पिवळं होऊन उसाच्या तुऱ्यांवर थोडा वेळ रेंगाळतं, आणि मी एखाद्या गिऱ्हाइकाला कुठली गोळी जेवणाआधी नि कुठली नंतर हे समजावून मान वर करेपर्यंत समोरचा रस्ता काळा झालेला असतो. इंदापुरात बसस्थानकाच्या अलीकडं माझं औषधांचं दुकान आहे. कारखाने सुरू झाले की या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. उजेडात त्या दिसतात. अंधारात आधी ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू येतात, मग दुकानाच्या काचा किंचित थरथरतात, आणि अगदी जवळ आल्यावर कळतं, की समोरचा काळोख म्हणजे ऊस आहे.

लोकांसाठी हा मोसम हुरड्याचा, बोरांचा, ताज्या गुळाचा. मलाही तो आवडायचा. आता दिवाळीच्या पणत्या आवरून ठेवल्या की माझं मन सूर्याकडं लागतं. आज कधी मावळला, उद्या आणखी किती लवकर मावळेल. दुकानात बसल्या बसल्या मी समोरच्या हॉटेलच्या पाटीवर ऊन कुठवर आलंय ते बघत राहते. पाटीवरून ऊन उतरलं की माझा हात आपोआप फोनकडं जातो. तन्वी घरी पोचली का?

काल ती दुकानातच आली. तन्वी माझी थोरली, आता सातवीत आहे. दप्तर काउंटरवर ठेवून म्हणाली, "आई, शनिवार-रविवार जोडून सुट्टी आहे. कुठंतरी जाऊया ना. बागा आणि म्युझियम, असं ठरवूया."

मी गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापत होते. हात तिथंच थांबला. बागा आणि म्युझियम. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच शब्दांत आम्ही एक सहल ठरवली होती. त्यातला शनिवार झाला. रविवार आलाच नाही.

*

तेव्हा तन्वी चौथीत होती आणि सोहम, तिचा धाकटा भाऊ, दुसरीत. माझा नवरा सुनील वालचंदनगरला वर्कशॉपमध्ये नोकरीला आहे. त्याला शनिवार मोकळा मिळणं म्हणजे मोठी गोष्ट. तो मिळाला, आणि जेवणं झाल्यावर आम्ही चौघं रोज त्या दोन दिवसांच्या बाता मारू लागलो. सोहमला तारे, रॉकेट असलं काहीतरी बघायचं होतं. तन्वीची एकच अट होती, बाग अशी हवी की जिथं गवतावर बसलं तर कुणी उठवणार नाही. शनिवारी बारामतीला जायचं, दुपारी मुलांचं विज्ञान संग्रहालय, संध्याकाळी बाग, मुक्काम सुनीलच्या बहिणीकडं. रविवारी पहाटे पुणे. तिथली मोठी बाग, नंतर छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय. ताईंना फोन करून झाला. पुऱ्यांचं पीठ कधी मळायचं हेही ठरलं. सहलीची निम्मी मजा अशीच घरात बसून होते. आमची तर त्या वर्षी सगळीच अशी झाली म्हणायची.

कारण त्याच आठवड्यांत इतरही काही होत होतं. ते मी बघत होते. दिसत असूनही प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं एक कारण तयार होतं.

वीज गेली की घरात मुलं ओरडतात, पळतात. सोहम तसाच करायचा. तन्वी असेल तिथं बसून राहायची. घास हातात असेल तर तो हातातच. मी म्हणायचे, शहाणी आहे, दंगा करत नाही. गल्लीतली पोरं अंधार पडेपर्यंत लपाछपी खेळायची, ती मात्र ऊन उतरलं की घरी. मला वाटे, अभ्यासू आहे. दारातल्या चपला ती पायानं न शोधता वाकून हातानं चाचपायची. मी म्हणायचे, अगं, समोरच तर आहेत, किती धांदरट.

लासुर्ण्याला माझं सासर. तिथं हुरड्याला गेलो होतो, सहलीच्या आधीच्या रविवारी. आमच्या शेजारच्या रानात तोड सुरू होती. भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती, ट्रॅक्टर अजून जोडायचा होता. दिवस नुकताच बुडालेला. आम्हाला सगळं दिसत होतं, म्हणजे माणसाचा चेहरा ओळखू येईल इतका उजेड होता. तन्वी माझ्या पुढं चालत होती, गाणं गुणगुणत. गाणं न थांबवता ती सरळ त्या ट्रॉलीत शिरली. बाहेर आलेल्या उसाचं टोक कपाळावर लागलं, भुवईच्या वर. रक्त आलं. एवढी घराएवढी ट्रॉली. सगळे हसले, तीही हसली. सुनील म्हणाला, "ऊस दिसला न्हाय तुला? तिकडं लांबच्या कारखान्याला दिसतो की."

माझे सासरे, आबा, तेवढे हसले नाहीत. हळद घेऊन आले, तिच्या कपाळावर दाबली, आणि तिला सोडल्यावर माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "वैशाली, सांजच्याला ही पोरगी हातानं बघती."

"म्हणजे, आबा?"

"म्हंजी भित्तीला हात लावून चालती. दिवसा न्हाय तसं करीत. तू बघ एकदा."

मी औषधं विकणारी बाई. मला लगेच उत्तर सुचलं. अ जीवनसत्त्व कमी पडलं असेल. दुसऱ्या दिवशी दुकानातून बाटली आणली, गाजरं आणली, पपई आणली. मनाशी हिशेब केला, की पंधरा दिवसांत फरक पडेल. आबा मात्र त्या संध्याकाळी ओट्यावर बसून राहिले होते. कुणाकडं तरी बघावं तसे अंधाराकडं बघत होते.

*

शनिवार चांगला उजाडला. धुकं होतं, मग ते वितळलं. बारामतीच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंचा ऊस जागोजागी तुटलेला होता. वर्षभर भिंतीसारखी असणारी रानं एकदम उघडी पडली होती, लांबची घरं, लांबची देवळं दिसायला लागली होती. तन्वी खिडकीशी होती. "आई, तिथं शाळा आहे. माहीतच नव्हतं," असं काहीबाही सांगत होती. लांबचं तिला सगळं दिसत होतं. हे मी मुद्दाम लिहिते. नंतर कित्येक लोकांनी मला विचारलं, इतके दिवस कळलं कसं नाही? तर असं कळलं नाही.

संग्रहालय मुलांसाठीच बांधलेलं होतं. हात लावू नका अशी पाटी कुठंही नव्हती, उलट हात लावा असंच सगळं. चाकं फिरवा, दोर ओढा, वाकड्या आरशात स्वतःला बघा. तन्वी एका मोठ्या कप्पीला लोंबकळली आणि स्वतःचंच वजन उचलून खूश झाली. सुनील तिला दात्यांची चाकं समजावत होता. वर्कशॉपमधला माणूस, त्याला तिथं घरच्यासारखं वाटत होतं.

शेवटी एक गोल खोली होती, वर घुमट. आत बसवतात, दिवे घालवतात आणि वर तारे दिसायला लागतात. पोरं पुढच्या रांगेत बसली, आम्ही दोघं त्यांच्या मागं. दिवे हळूहळू मंद झाले, मग गेले. वर एकेक करत बारीक तारे उमटले. सगळी खोली "आऽऽ" म्हणाली. मीही. इतकं आभाळ शहरातल्या पोरांना कुठं बघायला मिळतं, असं माझ्या मनात आलं.

पुढच्या रांगेतून कुजबुज ऐकू आली.

"आले का?" तन्वी विचारत होती.

"आले. लई आलेत," सोहम म्हणाला.

"कुठं?"

"सगळीकडं. तुझ्या डोक्यावर जास्त आहेत. डावीकडं एक मोठा आहे, तो लुकलुकतोय."

"बरं. आणि आता?"

"आता फिरायला लागलेत. सगळे मिळून. जत्रेतल्या पाळण्यासारखे."

मला वाटलं, खेळ चाललाय. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं सांगायचं. मी पुढं वाकून बघितलं. घुमटावरच्या तेवढ्या उजेडात तिचा चेहरा मला दिसला. डोळे सताड उघडे होते. तारे होते त्या बाजूला नव्हे, तर सोहमचा आवाज येत होता त्या बाजूला तिचं तोंड होतं.

दिवे लागले. ती उठून म्हणाली, "भारी होतं ना?" तेव्हा बोलायला हवं होतं की नको, मला कळलं नाही. मी म्हटलं, हो, भारी होतं. सुनीलला मी काही सांगितलं नाही.

*

बाग तिला हवी तशी होती. गवतावर बसू देत होते. आम्ही चादर पसरली, पुऱ्या खाल्ल्या. तन्वी उताणी पडून झाडांकडं बघत होती. बागेत मोठं कारंजं होतं, अंधार पडला की ते रंगीत दिव्यांत सुरू व्हायचं. त्यासाठीच गर्दी जमली होती. मला तो अंधार नको होता. मी दोनदा म्हटलं, चला, ताई वाट बघत असतील. सुनील म्हणाला, "आता आलोय तर बघूनच जाऊ की."

दिवस बुडाला. त्या दिवसांत तो कसा बुडतो ते सांगितलंच. शिट्टी वाजली, कारंजं सुरू झालं, पोरं तिकडं धावली. सोहम बापाचा हात धरून पुढं. मी चादर झटकून घडी करत होते. तन्वी सुनीलबरोबर आहे असं मी धरून चालले. ती माझ्याबरोबर आहे असं त्यानं. कारंज्यापाशी पोचले आणि बघितलं तर दोघंच उभे.

"तन्वी कुठाय?"

"तुझ्यापाशी न्हाय?"

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. लाल, निळं पाणी उडत होतं, गाणं लागलं होतं, गर्दीत सगळी मुलं तिच्याएवढीच होती. सुनील फाटकाकडं धावला. मी आम्ही बसलो होतो तिकडं. वाटेवर दिवे होते, पण दोन दिव्यांच्या मधे झाडांखाली गडद होतं. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते आणि माझाच आवाज मला त्या गाण्यात ऐकू येत नव्हता. सोहम माझ्या मागं पळत आला. त्यानं माझा पदर ओढला.

"आई, ती थांबली असेल. ती चालत नसती. जिथं अंधार आहे तिथं बघ."

मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले. मग आम्ही दिवे सोडून अंधाराकडं वळलो.

ती एका बकुळीच्या झाडाला हात लावून उभी होती. अगदी सरळ, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तशी. तिच्या पुढं, दोन पावलांवर, कमळांचं टाकं होतं. कठडा म्हणावा असा नव्हताच, घोट्याएवढी विटांची कड तेवढी. पाणी काळं होतं, झाडाची सावलीही काळी. मला ते दिसलं. तिला नाही.

मी तिला आवळून धरलं. म्हटलं, "हाक का मारली नाहीस?"

"मारली की. पाण्याचा आवाज मोठा आहे."

"मग चालत का आली नाहीस? दिवे आहेत की तिकडं. दिसत नाहीत का?"

"दिवे दिसतात," ती म्हणाली. "मधलं दिसत नाही."

सुनील धापा टाकत आला. ती आमच्या दोघांच्या मधे उभी राहून, मनात बरेच दिवस असलेला प्रश्न विचारावा तशी म्हणाली, "अंधारात कुणालाच दिसत नाही ना? मग तुम्ही कसं चालता?"

सुनील तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मला वाटतं तुम्ही घाबरत नाही म्हणून चालता. मी घाबरते. म्हणून मी थांबते. थांबलं की कुणीतरी येतंच."

कारंज्याचं गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनीलनं तिला उचलून घेतलं. चौथीतली उंच पोरगी, पाय खाली लोंबत होते. फाटकापर्यंत त्यानं तिला खाली ठेवलं नाही. सोहम माझा हात धरून चालत होता. मी त्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"ट्यूशनच्या जिन्यात मीच सांगतो तिला. पायरी आली, वळण आलं, असं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तिनं शपथ घातली होती. सगळे भित्री म्हणतील म्हणून."

त्या रात्री ताईंच्या स्वयंपाकघरात भरपूर उजेड होता. तन्वी आत्याच्या हातची बाजरीची भाकरी खात, कप्पीला कशी लोंबकळली ते सांगत होती. मी तिच्याकडं बघत होते. सकाळी मुलांना सांगितलं, गाडी बिघडली, पुणे रद्द. सोहम रडला. तन्वी म्हणाली, "पुढच्या वर्षी जाऊ."

*

पुण्याला आम्ही गेलोच, पण दवाखान्यात. तिथं एक यंत्र असतं. डोकं एका पोकळ वाटीत टेकवायचं, समोरच्या ठिपक्याकडं बघत राहायचं, आणि आजूबाजूला बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याच्या बाहेर बाकावर बसले होते. आमच्या आधी एक म्हातारे गृहस्थ आत होते. त्यांच्या बटणाचा आवाज येत होता, टक, टक, टक, पावसात पत्रा वाजावा तसा सतत. मग तन्वी आत गेली. टक. मग काही नाही. मला वाटलं, यंत्र अजून सुरू व्हायचंय. टक, टक. मग पुन्हा कितीतरी वेळ काही नाही. आत यंत्राची घरघर चालू होती, म्हणजे उजेड चमकत होते. एकामागून एक चमकत होते, आणि आतून आवाज येत नव्हता. डॉक्टरांनी पुढं जे सांगितलं ते मला त्या बाकावरच कळलं होतं.

"डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जन्मापासूनच आत असतो. आधी अंधारातलं जातं, मग कडेकडेनं आत येतो. मधली नजर आज चांगली आहे. ती किती वर्षं राहील, मला सांगता येणार नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

"औषध?" मी विचारलं. दिवसभर दुसऱ्यांना औषध देणारी मी.

"आज तरी नाही."

घराण्यात कुणाला होतं का, असंही त्यांनी विचारलं. हे आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून यावं लागतं म्हणे. आम्ही दोघंही नाही म्हणालो. सोहमचे डोळे तपासले, ते चांगले निघाले. ते कळल्यावर तो कोपऱ्यात जाऊन रडला. का रडतोस विचारलं तर काही सांगेना.

लासुर्ण्याला जाऊन आबांना सांगितलं. ते ऐकत राहिले. नंतर म्हणाले, "माझा धाकला चुलता, नामदेवतात्या. तुमी बघितला न्हाय. त्याला गावात भित्रा नामा म्हनायचे."

सुनीलला नाव ऐकून माहीत होतं. घरात त्याच्यावरून विनोद व्हायचे. दिवस बुडायच्या आत घरात शिरणारा, भुताला भिणारा.

"रानाला पानी द्यायची पाळी रातची आली की त्यो जायाचा न्हाय," आबा म्हणाले. "भाऊ शिव्या द्यायचे, कामचुकार म्हनायचे. शेवटी त्याला वायला काढला, हिस्सा तोडून दिला. लगीन न्हाय, काय न्हाय. म्हातारपणी तर दिवसाबी काठी लागायची त्याला. आमी पोरं अंधारात त्याच्या वाटंत बादली ठेवायचो आन् हसायचो." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्याला दिसत न्हवतं. त्यानं कधी सांगितलंबी न्हाय. त्यालाबी वाटत आसंल, सगळ्यांना आसंच दिसतं."

माझ्या माहेरी कुणाला असं कुणी आठवत नाही. आठवत नाही म्हणजे नव्हतं, असं मात्र आता मी म्हणत नाही.

*

त्यानंतरची दोन वर्षं आम्ही सहलींच्या मागं लागलो. सुट्टी आली की गाडी काढायची. समुद्र दाखवला, धबधबा दाखवला. उजनीच्या पाण्यावर उतरणारे रोहित पक्षी दाखवले. सुप्याच्या माळावर चिंकारा बघायला पहाटे गेलो. पुण्यातल्या बागा, छोट्या आगगाड्या, जुनी भांडी, जुन्या मूर्ती, सगळं. प्रत्येक सहलीचा एकच नियम होता, दिवेलागणीच्या आत परत. ऊन कलू लागलं की मी सगळ्यांना हाकायला सुरुवात करायचे. लोक यायला लागायचे तेव्हा आम्ही निघालेलो असायचो. एखादं घर जळत असताना माणूस जसा हाताला लागेल ते बाहेर काढत सुटतो, तसं माझं चाललं होतं. जितकं तिच्या डोळ्यांत भरून ठेवता येईल तितकं भरायचं.

गेल्या वर्षी एका बागेत गुलाबांचं प्रदर्शन होतं. ताटव्यांमधून आम्ही चाललो होतो. मी म्हणत होते, हा बघ, तो बघ, ह्याचा रंग बघ. ती एकदम थांबली. चिडलेली नव्हती, पण थकली होती.

"आई, तू मला सगळं दाखवायला आणतेस आणि स्वतः माझ्याकडंच बघत बसतेस. तू एक तरी फूल बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. समुद्रही बघितला नव्हता, पक्षीही नाही. मी फक्त तिचा चेहरा बघितला होता, तिला दिसतंय की नाही ते. त्या दिवशी आम्ही एका बाकावर बसलो आणि कुणीच कुणाला काही दाखवलं नाही. घरी आल्यावर मी पुढच्या सहलीचं नाव काढलं नाही. वर्षभर कुठं गेलो नाही.

आता ती बारा वर्षांची आहे. वाचते, चित्रं काढते, समोरच्या माणसाचा चेहरा तिला स्वच्छ दिसतो. बाजूचं कमी झालंय. कुणी बाजूनं पेला पुढं केला तर तो तिला कळत नाही. चेंडू फेकला तर छातीवर आदळल्यावर कळतो. शाळेत नवी पोरं म्हणतात, हाक मारली तरी बघत नाही, शिष्ट आहे. घरातली उघडी कपाटं बंद करायची सवय आम्हाला सगळ्यांना लागली आहे. उन्हाळ्यात एका संस्थेतल्या बाईंनी तिला घडी होणारी पांढरी काठी दिली, कशी धरायची, कशी टेकवायची ते आठवडाभर शिकवलं. ती काठी दप्तराच्या तळाशी आहे. तिथून ती अजून बाहेर निघालेली नाही, आणि मीही विषय काढलेला नाही. मला ती काठी बघवत नाही, हे खरं कारण आहे.

आणि काल ती दुकानात येऊन म्हणाली, बागा आणि म्युझियम.

मी पट्टी कापून गिऱ्हाइकाला दिली. म्हटलं, "कुठं जायचं?"

"बारामतीला. तेच."

"तेच कशाला? दुसरं बघू की."

"मला तेच पाहिजे. म्युझियममध्ये हात लावू देतात. आणि ती बाग चांगली होती. आपण नीट बघितलीच नाही."

बाहेर पाटीवरून ऊन उतरलं होतं. मी आत दिवा लावला, आणि सवयीनं बोलत सुटले. सकाळी लवकर निघू, म्युझियम आधी करू, जेवण ताईंकडं, बाग दुपारी, उन्हात थंडीही वाजणार नाही. पाचला बागेतून बाहेर पडू, म्हणजे उजेडात ताईंकडं पोचू.

"पाचला नको," तन्वी म्हणाली. "अंधार पडेपर्यंत थांबू."

"कशाला?"

तिनं काउंटरवरचं दप्तर जवळ ओढलं. "काठीचा सराव करायचाय मला. शाळेत पहिल्यांदा काढली तर सगळे बघतील. तिथं कुणी ओळखीचं नसतं."

"उजेडात कर की सराव."

"उजेडात मला दिसतं, आई." तिनं दप्तराचा तळ चाचपला. "आणि तुम्हालाही सराव पाहिजे. तू हात धरायला पुढं यायचं नाहीस. पप्पांना पण सांग. सोहमला मी सांगितलंय."

रस्त्यावर ट्रॅक्टर आला. काचा थरथरल्या. बोलणं ऐकू येईना, म्हणून आम्ही ट्रॉली पुढं जाईपर्यंत थांबलो. मला त्या वेळात नाही म्हणता आलं असतं. थंडी, गर्दी, ते टाकं, कितीतरी कारणं तोंडात होती. यापुढं किती संध्याकाळी आहेत, आणि त्यातल्या किती मी अशा पाचच्या आत संपवणार आहे, हेही मनात येऊन गेलं.

मी ताईंना फोन लावला. शनिवारी येतोय म्हणून सांगितलं. त्या खूश झाल्या, दिवेलागणीला गरम भाकरी तयार ठेवते म्हणाल्या.

"ताई, आम्हाला उशीर होईल," मी म्हटलं. "अंधार पडल्यावर येऊ."

"का गं? काय काम आहे?"

"काम नाही. बागेत थांबणार आहोत."

"अंधारात?" ताईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

तन्वी माझ्याकडं बघत होती. मी "हो" म्हटलं.